आधी हुडक, मग गेलं म्हण

आमच्या घरात एखादी वस्तू जागेवर दिसली नाही, तरी ‘हरवली’ म्हणायची सोय नाही. आईचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "हुडकलास का?" सगळं घर पालथं घालून झाल्याशिवाय ‘गेलं’ हा शब्द ती कुणाला उच्चारू देत नाही. हुडकणं हा शब्द पुण्या-मुंबईच्या छापील मराठीत फारसा भेटत नाही. आमच्या खटकचिंचोळीत आणि एकूणच भालकी-औरादच्या पट्ट्यात मात्र तो रोजच्या तोंडचा. कन्नडमध्ये ‘हुडुकु’ म्हणजे शोधणं. तिथून तो आपल्याकडं आला आणि घरचाच होऊन बसला. आज ज्या गोष्टीविषयी लिहायचं आहे ती कॉम्प्युटरमधली आहे, पण तिचं सार आईच्या या एका शब्दात आहे, म्हणून सुरुवात तिथूनच केली.

मागच्या महिन्यातली गोष्ट. रविवारी सकाळी चहा घेत बसलो होतो. आमच्याच गल्लीतली एक मुलगी लॅपटॉप छातीशी धरून धावत आली. बी.सी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. डोळे रडून लाल झालेले.

"काका, सगळं गेलं बघा."

"काय गेलं गं?"

"आपले शब्द गेले. रात्री अपडेट झालं, सकाळी उघडलं तर एक्स्टेन्शनच नाही. फाइलमध्ये नुसता कचरा दिसतोय. सोमवारी प्रोजेक्ट दाखवायचंय."

माझ्याही हातातला कप तसाच राहिला. कारण ‘आपले शब्द’ म्हणजे काय, हे मला ठाऊक होतं.

हे शब्द म्हणजे काय

२००४ साली मी नुकताच नोकरीला लागलो होतो. मराठी शिकवताना वर्गात एक गंमत लक्षात यायची. मुलं घरी जे बोलत, ते पुस्तकात नसे आणि पुस्तकात जे असे, ते घरी कुणी बोलत नसे. मग त्या वेळच्या विद्यार्थ्यांना कामाला लावलं. आपापल्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांजवळ बसायचं आणि त्यांच्या तोंडचे शब्द वहीत उतरवून घ्यायचे. तीन-चार वर्षांत हजारावर शब्द जमले. अडकित्ता, तूप असे सगळ्या महाराष्ट्राला माहीत असलेले, पण ज्यांचं मूळ जाणकार कन्नडमध्ये दाखवतात ते शब्द त्यात होते. येळवशीचे शब्द होते. शेतात कडब्याची कोप उभी करून पूजा होते, भज्जी आणि आंबिल घेऊन सगळं गाव रानात जातं, तो सण लातूर-धाराशिवकडं आणि आमच्या बिदर-कलबुर्गीकडं सारखाच होतो. दखनी बोलणाऱ्या शेजाऱ्यांचा ‘नक्को’ होता. तो तर आपल्याच ‘नको’वरून त्यांच्याकडं गेला. शब्दांना शीव अडवत नाही, हे त्या वह्यांनी मला दाखवलं.

या मुलीच्या आजीनं मोटेचे शब्द सांगितले होते. नाडा, सोंदूर, धाव, थारोळं. मोटेचा जाड दोर तो नाडा, बारीक दोर तो सोंदूर, बैल ज्या उतारावरून चालतात ती धाव आणि पाणी जिथं ओततं ते थारोळं. आता गावात मोट राहिली नाही, आजीही राहिली नाही. ज्यांनी ज्यांनी तेव्हा शब्द सांगितले त्यांतले बहुतेक आता नाहीत. म्हणजे ती यादी आता पुन्हा कुणाला विचारून करता येण्यासारखी नव्हती.

हे सगळं त्या काळी एका डी.टी.पी.च्या दुकानात टाइप करून घेतलं. तेव्हाच्या प्रथेप्रमाणे तेव्हाच्या चलनातल्या एका फॉन्टमध्ये. इथं वाचकांना थोडं समजावून सांगावं लागेल. आज आपण मोबाइलवर जे मराठी लिहितो ते युनिकोडमध्ये असतं. त्यात ‘क’ला स्वतःचा आकडा आहे, तो जगातल्या सगळ्या यंत्रांवर ‘क’च राहतो. जुन्या फॉन्टांचं तसं नव्हतं. तिथं आत इंग्रजी अक्षरं आणि खुणाच साठवलेल्या असत, वर फक्त मराठी अक्षराचा मुखवटा चढवलेला असे. फॉन्ट काढला की मुखवटा गळून पडे आणि आतली इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसू लागे. प्रत्येक कंपनीचा मुखवटा वेगळा, त्यामुळं एका दुकानात टाइप केलेलं दुसऱ्या दुकानात वाचता येत नसे. कितीतरी सॉफ्टवेअरांबरोबर एक हार्डवेअर लॉक यायचं. ते कॉम्प्युटरच्या पाठीमागं खोचल्याशिवाय काही उघडत नसे. ते दुकान पुढं बंद पडलं. लॉक गेलं, फॉन्ट गेला. माझ्याकडं उरली एक सी.डी. आणि दहा-बारा छापील पानं.

माझा एक जुना विद्यार्थी पुढं सॉफ्टवेअरमध्ये गेला. त्यानं ती छापील पानं आणि फाइल शेजारी शेजारी ठेवून कुठल्या खुणेला कुठलं अक्षर याचा तक्ता बनवला आणि कोड एडिटरसाठी एक छोटं एक्स्टेन्शन लिहून दिलं. जुनी फाइल उघडली की बाजूच्या खिडकीत शुद्ध मराठी दिसायचं. या मुलीनं ते वापरून शब्दांचं संकेतस्थळ करायचं, हा तिचा प्रोजेक्ट. सी.डी. दरम्यान खराब झाली. माझा जुना कॉम्प्युटर भंगारात गेला. म्हणजे ती यादी आता जगात एकाच ठिकाणी होती, या मुलीच्या लॅपटॉपवर. हा गाढवपणा माझा. तो आधीच कबूल करून टाकतो.

मिक्सर आणि भांडं

कोड एडिटर म्हणजे प्रोग्रॅम लिहायची वही. साधी वही नव्हे, चुका दाखवणारी, रंगीत अक्षरांत वेगवेगळे भाग वेगळे करून देणारी. एक्स्टेन्शन म्हणजे त्या वहीला बाहेरून जोडायचा जादाचा भाग. घरातल्या बायकांना एका वाक्यात सांगायचं तर एडिटर म्हणजे मिक्सरचं मशीन आणि एक्स्टेन्शन म्हणजे वेगवेगळी भांडी. चटणीचं वेगळं, ताकाचं वेगळं. मशीन एकाचं, भांडं दुसऱ्या कुणीतरी बनवलेलं असू शकतं. मशीन दुरुस्तीला नेलं आणि दुकानदारानं खालची चक्री बदलून दिली, की जुनं भांडं बसेना होतं. भांडं फुटलेलं नसतं आणि मशीनही बिघडलेलं नसतं. दोघांचं जमेनासं झालेलं असतं, एवढंच.

अपडेट म्हणजे ही चक्री बदलणं. पण हे शहाणपण त्या सकाळी सुचत नव्हतं. मी तिला पहिला प्रश्न विचारला तो भीतीपोटी.

"फाइल सेव्ह केलीस का?"

"नाही काका. बघितली, घाबरले आणि बंद केली."

जीव भांड्यात पडला. घाबरून बंद केली हे तिनं सर्वांत चांगलं काम केलं होतं. फाइल जुन्या पद्धतीची असेल आणि एडिटर ती युनिकोड समजून उघडत असेल, तर जी खूण त्याला कळत नाही तिथं तो काळ्या चौकटीत प्रश्नचिन्ह दाखवतो. नुसतं दाखवतो तोवर काही बिघडत नाही, मूळ फाइल डिस्कवर जशीच्या तशी असते. पण त्या अवस्थेत एखादं अक्षर बदलून सेव्ह केलं, तर ती प्रश्नचिन्हंच फाइलमध्ये लिहिली जातात आणि त्याखालची मूळ खूण कायमची पुसली जाते. असं झालं असतं तर एक्स्टेन्शन परत मिळूनही थारोळं काही परत आलं नसतं.

म्हणून पहिलं काम केलं ते फाइलची नक्कल करण्याचं. एक पेनड्राइव्हवर आणि एक माझ्या लॅपटॉपवर. एडिटरला हात न लावता, फोल्डरमधून थेट. मग दोघंही जरा शांत झालो. आईनं आणखी एकेक कप चहा ठेवला आणि सवयीनं म्हणाली, "गेलं गेलं काय करताय, हुडका की आधी."

हुडकण्याच्या पायऱ्या

मी एम.ए. माणूस. प्रोग्रॅम लिहिता येत नाही. पण वीस वर्षं मराठी फॉन्टांचे रुसवेफुगवे काढल्यामुळं एक गोष्ट शिकलोय. घाईनं सगळं काढून पुन्हा टाकायचं नाही. तसं केलं की कारण कळत नाही आणि जे शाबूत आहे तेही जातं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, काय केलं ते कागदावर लिहायचं आणि स्क्रीनवर जो निरोप येईल त्याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवायचा.

पहिली शंका अशी की ते काढलं गेलंय की नुसतं बंद आहे? एडिटरमध्ये एक्स्टेन्शनची यादी असते. बंद केलेलं एक्स्टेन्शन यादीत राहतं, फक्त फिकट दिसतं. कधी ते सगळीकडं चालू आणि एका विशिष्ट फोल्डरपुरतंच बंद असतं. काही एडिटर अनोळखी फोल्डर उघडताना ‘यावर विश्वास आहे का’ असं विचारतात. आपण ‘नाही’ म्हणालो तर सुरक्षेसाठी काही जादाचे भाग थांबवले जातात. तिनं यादी पाहिली. नाव नव्हतं, फिकटही नव्हतं.

दुसरी शंका प्रोफाइलची. हल्ली एकाच एडिटरमध्ये दोन-तीन प्रोफाइल ठेवता येतात. एक कॉलेजच्या कामाचं, एक घरचं. प्रत्येकाची यादी निराळी. चुकून दुसऱ्या प्रोफाइलमध्ये शिरलं की सगळं नाहीसं झाल्यासारखं वाटतं. दुसऱ्याच्या घराचं कपाट उघडून आपली साडी शोधावी तसं. तेही पाहिलं. प्रोफाइल एकच होतं.

तिसरी शंका, डिस्कवर आहे का? एक्स्टेन्शन म्हणजे शेवटी फाइलींचं एक गाठोडं. ते कुठल्यातरी फोल्डरमध्ये असणारच. बहुतेक वेळा ते वापरणाऱ्याच्या नावाच्या फोल्डरखाली, टिंबानं सुरू होणाऱ्या नावाच्या फोल्डरमध्ये असतं. सहज नजरेस पडत नाही म्हणून हुडकावं लागतं. तिनं हुडकलं आणि ओरडलीच, "काका, हाय! इथंच हाय!"

गाठोडं जागेवर होतं, एकही फाइल कमी नव्हती. मग एडिटरला का दिसत नव्हतं?

हजेरीपटात नाव नाही

त्याच फोल्डरात एक छोटी फाइल सापडली. तिच्यात बसवलेल्या सगळ्या एक्स्टेन्शनची नोंद होती. नाव, आवृत्ती, पत्ता. बाकी सगळ्यांची नावं होती, आमच्याचं नव्हतं. तेव्हा उलगडा झाला.

माझ्या विद्यार्थ्यानं एक्स्टेन्शन रीतसर बांधून दिलंच नव्हतं. ‘हे फोल्डर अमक्या ठिकाणी नेऊन टाका, चालेल,’ असं फोनवर सांगितलं होतं. जुनी आवृत्ती त्या ठिकाणी जे जे दिसेल ते उचलायची, म्हणून चाललं. नवी आवृत्ती नोंदवही पाहते. नोंद असेल तेच उचलते.

मी मास्तर माणूस, मला हे चटकन समजलं. जूनमध्ये एखादा मुलगा नाव न घालताच वर्गात येऊन बसतो. शिकतो, उत्तरंही देतो. पहिले काही दिवस कुणी हटकत नाही. मग एक दिवस हजेरीपट तयार होतो. आपण नावं पुकारतो आणि तो बाकावर बसलेला असूनही त्याचं नाव पुकारलं जात नाही. मुलगा वर्गात असतो, फक्त कागदावर नसतो. इथं दोष एडिटरचा म्हणता येणार नाही. नाव घालायचा कंटाळा आम्ही केला होता.

त्या विद्यार्थ्याला फोन लावला. त्यानं मध्यंतरी नोकरी बदललेली, जुना लॅपटॉप कंपनीला परत दिलेला, मूळ प्रत त्याच्याकडंही नव्हती. पण तो म्हणाला, "सर, फोल्डर शाबूत आहे ना? मग त्यातूनच पुन्हा बांधता येईल." एक्स्टेन्शनचं गाठोडं बांधायचं एक साधन असतं. ते कसं चालवायचं हे त्यानं मुलीला फोनवर सांगितलं. पहिल्या खेपेला अडलं. बनवणाऱ्याचं नाव लिहायची जागाच त्यानं तेव्हा रिकामी सोडली होती आणि नावाशिवाय साधन गाठोडं बांधेना. तिनं नाव घातलं, पुन्हा बांधलं आणि एडिटरमध्ये ‘फाइलमधून बसवा’ असा जो पर्याय असतो त्यातून रीतसर बसवलं. नोंदवहीत नाव चढलं. फाइलच्या नकलेवर आधी करून पाहिलं, थेट मूळ फाइलवर नाही.

बाजूच्या खिडकीत ओळी उमटल्या. तिनं मोटेचं पान काढलं आणि काही न बोलता बघत बसली. आजीचं नाव प्रत्येक शब्दापुढं लिहिलेलं होतं, ‘सांगणार’ म्हणून. सोमवारचा प्रोजेक्ट वेळेवर गेला.

मोठ्यांच्या घरीही

हे काही खेड्यातल्या लोकांच्याच नशिबी येतं असं नाही. ४ मे २०१९ च्या पहाटे, आपल्याकडं साडेपाचच्या सुमारास, जगभरात फायरफॉक्स हा ब्राउझर वापरणाऱ्यांची सगळी जादाची साधनं एकाएकी बंद पडू लागली. कुणी काही काढलं नव्हतं. साधनं खरी की खोटी हे पडताळण्यासाठी मोझिला ज्या डिजिटल प्रमाणपत्राचा आधार घेत असे, त्याची मुदत त्या क्षणी संपली. नूतनीकरण राहून गेलं होतं. रेशनकार्डाची मुदत संपली म्हणून घरातली माणसं नाहीशी होत नाहीत, पण दुकानदार धान्य देत नाही, तसा प्रकार. त्या वेळी घाबरून ज्यांनी साधनं काढून टाकली त्यांच्या काही नोंदी कायमच्या गेल्या. ज्यांनी वाट पाहिली त्यांची साधनं दुरुस्तीनंतर परत आली.

त्याआधी नोव्हेंबर २०१७ मध्ये याच ब्राउझरच्या ५७ व्या आवृत्तीनं जुन्या पद्धतीची साधनं घेणंच थांबवलं होतं. तिथं मात्र हुडकून उपयोग नव्हता. बनवणाऱ्यानं नव्या पद्धतीनं पुन्हा लिहिलं तरच ते परत यायचं. आणि ॲटम नावाचा एक लोकप्रिय कोड एडिटर तर १५ डिसेंबर २०२२ ला बंदच झाला. भांडं शाबूत असून मिक्सरच गेला.

मराठीच्या बाबतीतही हे घडलेलं आहे. विंडोज २००० बरोबर मंगल हा युनिकोड फॉन्ट आला आणि वर्षानुवर्षं लोकांनी त्यात अर्ज-अहवाल लिहिले. विंडोज १० मध्ये नवा कॉम्प्युटर घेतला तर मंगल कधीकधी सापडत नसे. कारण तो आता ऐच्छिक भागात ठेवला होता, सेटिंगमध्ये जाऊन देवनागरीचे पूरक फॉन्ट मागून घ्यावे लागत. पण इथला फरक ध्यानात घ्या. मंगल नसला तरी मजकूर वाचता येत होता, कारण तो युनिकोड होता. अक्षराचं वळण बदललं, अक्षर नाही. कन्नड मित्रांचाही अनुभव वेगळा नाही. नुडी आणि १९९८ साली आलेलं बरह यांनी कन्नड टायपिंग घराघरांत नेलं, पण त्या वेळच्या जुन्या फॉन्टांत अडकलेला मजकूर युनिकोडमध्ये आणायचं काम त्यांनाही करावं लागलं.

आम्ही नंतर काय केलं

एक्स्टेन्शन परत मिळालं तेव्हा मुलगी म्हणाली, "आता अपडेटच बंद करून टाकते." मी म्हटलं, तसं करू नकोस. अपडेटमधून सुरक्षेची भोकं बुजवली जातात. दाराची कडी दुरुस्त करणाऱ्याला घरात येऊ दिलं नाही तर चोराची सोय होते. परीक्षेच्या आठवड्यात हवं तर थांबव. एखादं एक्स्टेन्शन नव्या आवृत्तीत बिघडलं तर त्याचीच जुनी आवृत्ती बसवायचा पर्याय बहुतेक ठिकाणी असतो, तो वापर. अनेक एक्स्टेन्शनांत एकमेकांचं भांडण असेल, तर दिव्यांच्या माळेसारखं शोधावं. निम्मी बंद करून पाहायची. दोष गेला तर तो बंद केलेल्या निम्म्यांत, राहिला तर चालू असलेल्या निम्म्यांत. पुन्हा त्याचे दोन भाग करायचे. चाळीस असली तरी पाच-सहा खेपांत गुन्हेगार सापडतो.

पण खरा धडा वेगळाच होता. हजार शब्द आणि त्यांची दोरी एका एक्स्टेन्शनच्या हातात, हेच मुळात चुकीचं होतं. एक्स्टेन्शन ही कुबडी आहे, तिच्यावर घर बांधायचं नसतं. म्हणून प्रोजेक्टनंतर आम्ही सगळी यादी एकदाच युनिकोडमध्ये उतरवून घेतली.

ते काम एका दिवसाचं वाटलं होतं, तीन आठवडे लागले. कारण यंत्र जसंच्या तसं उतरवत नाही. जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते, तर युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर साठवली जाते. तक्त्यात ही अदलाबदल सगळीकडं नीट झाली नाही तर विहीर ‘िवहीर’ होते. रफाराचं उलट. जुन्या पद्धतीत तो शेवटी येतो, युनिकोडमध्ये आधी. चुकला की सूर्याचा ‘सूयर्’ होतो. वाचकांनी असे शब्द कुठंतरी छापलेले पाहिले असतील, ते याच वाटेनं आलेले. पुस्तकातला शब्द असेल तर कुणीही दुरुस्त करील. पण ज्या शब्दाचा कोशातही पत्ता नाही, तो चुकून असा झालाय की मुळात असाच आहे, हे कोण सांगणार? तिथं आईला आणि तिच्या दोन मैत्रिणींना बसवलं. मुलगी एकेक शब्द मोठ्यानं वाचायची. म्हाताऱ्या ‘हं’ म्हणायच्या नाही तर ‘न्हाई गं, असं न्हवं’ म्हणून नीट सांगायच्या. त्या बैठकीत वीसेक नवे शब्दही मिळाले. आता यादी साध्या मजकुराच्या फाइलमध्ये आहे, कुठल्याही यंत्रावर उघडते. तीन प्रती तीन घरांत आहेत आणि एक कागदावर छापून बांधून ठेवली आहे. कागदाला अपडेट येत नाही.

जाता जाता एक विचार मनात आला तो सांगतो. आमच्या या भागालाही एकदा मोठं अपडेट आलं होतं, १ नोव्हेंबर १९५६ ला. हैदराबाद राज्यातल्या बिदर जिल्ह्याचे तुकडे झाले. उदगीर, अहमदपूर, निलंगा तिकडं गेले, भालकी-औराद-हुमनाबाद तेव्हाच्या म्हैसूर राज्यात आले. नवे तक्ते आले, नव्या नोंदवह्या आल्या. त्यांत काय चढलं, काय राहिलं, याची भांडणं मी इथं उकरत नाही. पण हुडकणं आणि येळवस हे शब्द ना कुणी पुसले, ना कुणाच्या परवानगीनं राहिले. दोन्हीकडच्या घरांत ते बोलले जात होते, म्हणून राहिले. फायलीतल्या शब्दांना मात्र बोलणारं कुणी नसतं, त्यांना आपल्यालाच जपावं लागतं.

तेव्हा वाचकहो, या आठवड्यात एक काम करा. घरात जुनी सी.डी., जुना पेनड्राइव्ह असेल, कुणाच्या लग्नाची पत्रिका, वडिलांनी टाइप करून घेतलेली वंशावळ, मंडळाच्या स्मरणिकेचा मजकूर जुन्या फॉन्टमध्ये पडून असेल, तर तो आत्ताच काढा. उघडल्यावर इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसली तर घाबरू नका आणि सेव्ह करू नका. आधी नक्कल करा. गल्लीत बी.सी.ए.चं पोर असेलच, त्याला बोलवा. शेजारी एखादी म्हातारी बसवा. दोघांचं मिळून बहुतेक सगळं सापडतं.

ती मुलगी परवा पुन्हा आली होती. "काका, आणखी एक अपडेट आलंय, करू का?"

मी म्हटलं, "नकला केल्यास?"

"केल्या."

"मग कर की."

आतून आई विचारत होती, आता काय हरवलं म्हणून.